गच्चीवरचा आपटा

माझ्या गच्चीवर कुंडीत एक आपटा आहे. उंची बरोबर एक हात. बुंधा मात्र दोन्ही पंजांच्या कवेत मावत नाही. वय मला ठाऊक नाही. ज्यांच्या जमिनीत तो उगवला होता ते गृहस्थ म्हणाले होते की त्यांच्या वडिलांच्या लहानपणीही तो एवढाच होता. बुंध्यावर, समोरच्या बाजूस, वीतभर लांबीची पोकळ जखम आहे. बोन्सायचा नाद असलेले लोक कधीमधी तो पाहायला येतात. त्यांतले जाणकार विचारतात की मागची बाजू इतकी निर्दोष असताना जखम पुढे का ठेवली. मी त्यांना चहा देतो, उत्तर देत नाही. ते येथे लिहीत आहे.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. नोकरीभर कालव्यांचे आणि बांधांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर हाताला रेषेची सवय राहिली आणि कागद उरला नाही. तेव्हा झाडांकडे वळलो. कुंडीतल्या झाडाला आकार देणे हेही आरेखनच आहे. फक्त त्यात खोडरबर चालत नाही.

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. अशा ठिकाणी गच्चीवर चाळीस कुंड्या बाळगणे शहाणपणाचे नव्हे, असे माझी पत्नी म्हणे. म्हणे, आणि तांदूळ धुतलेले, डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी एका निळ्या पिंपात साठवून ठेवी. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या माहेरी पूर्वी भिक्षुकी चाले. झाडांची संस्कृत नावे तिला वडिलांकडून मिळाली होती, आणि ती नावे ती मला अधूनमधून, मी न विचारता, सांगत असे.

शहागंजात माझा एक मित्र आहे. तो पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो. जळालेली मोटार उघडायची, आतली करपलेली तांब्याची तार उपसायची, नवी भरायची, हे त्याचे काम. ती करपलेली तार मी त्याच्याकडून नेत असे. दुकानातली कोरी तार ताठ असते आणि फांदीची साल दुखावते. आगीतून गेलेली तार मऊ होते. ती हाताचे ऐकते. एवढ्या कारणावरून आमची ओळख झाली आणि टिकली. आपट्याची बातमी त्यानेच आणली.

देवळाईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, त्याच्या एका गिऱ्हाइकाची जमीन होती. तिथे प्लॉट पडणार होते. जेसीबी लागायच्या आत काही हवे असेल तर घेऊन जा, असे त्या गृहस्थांनी सांगितले होते. आम्ही गेलो तेव्हा माघ संपत आला होता. आपट्यावर एकही पान नव्हते. काळ्या खडकाच्या भेगेतून तो बाहेर आला होता आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबला होता. जवळच्या वस्तीतले लोक दर दसऱ्याला त्याच्या डहाळ्या तोडून नेत. जे उरे ते शेळ्या खात. वर जायची वेळ त्याला कधी आलीच नाही, म्हणून तो रुंद झाला. आपण दसऱ्याला सोने लुटतो असे म्हणतो. तो शब्द किती अचूक आहे ते मला त्या बुंध्याजवळ उकिडवे बसल्यावर कळले.

मित्र उभ्यानेच म्हणाला, "नक्को साहेब. मेलेलं हाय हे. लाकूड म्हणून न्या, बंब पेटवा."

मी नखाने साल खरवडली. आत हिरवे होते.

"हौ, जिंदा हाय," तो म्हणाला. "बुढ्ढा हाय, पण जिंदा हाय. तुमच्यासारखा."

खणायला दोन सकाळी लागल्या. पहारीने खडक सुटेना तेव्हा छिन्नी लावली. मुख्य मूळ भेगेत खोल गेले होते, ते करवतीने कापावे लागले. बाजूची बारीक मुळे तेवढी मातीसकट वाचवली, ओल्या गोणपाटात बांधली आणि झाड लोडिंग रिक्षात आडवे घातले. घरी पोचलो तर पत्नी फाटकात उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. नवी नवरी आली की करतात तसा तिने तो तुकडा झाडावरून ओवाळून टाकला.

"हे काय?" मी विचारले.

"म्हातारं माणूस पहिल्यांदा घरी येतंय. असंच आत घ्यायचं?" मग मित्राकडे वळून म्हणाली, "भाई, तुम्हालाही ओवाळू का? तुम्हीही दमलेले दिसता."

"मला चहा द्या भाभी, भाकर झाडालाच राहू द्या."

आपट्याचे संस्कृत नाव तिने त्याच संध्याकाळी सांगितले. अश्मंतक. दगडाचा अंत करणारा. तिचे वडील दसऱ्याला त्याचा श्लोक म्हणत. तिने तो पूर्ण म्हणून दाखवला. एकही अक्षर चुकले नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो.

जंगलातून आणलेल्या झाडाचे पहिल्या वर्षी काहीच करायचे नसते. लाकडी खोक्यात चाळलेला मुरूम आणि विटांचा चुरा भरून त्यात ते बसवायचे, पाणी द्यायचे आणि हात मागे बांधून बसायचे. या कलेतले सर्वांत अवघड काम तेच. फाल्गुन गेला, चैत्र गेला. मी दररोज पाहत होतो आणि झाड गप्प होते. वैशाखात एका सकाळी ती पिंपातले पाणी घालायला वर गेली आणि तिथूनच हाक मारली.

"अहो, वर या. म्हाताऱ्याला दात आले."

बुंध्यावर तांदळाएवढे हिरवे कोंब होते. आम्ही दोघे बराच वेळ पाहत उभे राहिलो. त्या दिवशी चहा गच्चीवरच झाला.

आणखी एक पावसाळा त्याला तसेच वाढू दिले. पुढच्या फाल्गुनात पाने गळाल्यावर आकार द्यायला घेतला. पानझडी झाडाला आकार त्याच वेळी देतात, कारण तेव्हा सांगाडा दिसतो. पाने असताना झाड पुष्कळ गोष्टी झाकून ठेवते. पहिला निर्णय दर्शनी बाजूचा असतो. झाड कोणत्या बाजूने पाहायचे हे एकदा ठरले की फांद्या त्यानुसार ठेवायच्या किंवा काढायच्या. मित्र खोके थोडे थोडे फिरवत होता आणि मी समोर स्टुलावर बसून पाहत होतो. एका बाजूने बुंध्याला सुंदर उतार होता, साल काळी, खोल भेगांची, आणि डावीकडे एक नीट सांधलेली फांदी. दुसऱ्या बाजूला ती जखम. कधीकाळी कुऱ्हाड लागली असावी, आत पाणी साचून लाकूड कुजले असावे. मी उताराची बाजू पुढे घेतली. जखम भिंतीकडे गेली.

पत्नी वाळवणाची चादर झटकत होती. थांबली.

"जखम भिंतीकडे?"

"हो."

"इतकी वर्षं ती अंगावर घेऊन जगलाय तो. आणि तुम्ही तिला शिक्षा झालेल्या पोरासारखी कोपऱ्यात उभी केलीत."

"दोष पुढे ठेवत नाहीत."

"तुम्ही नाही ठेवत," ती म्हणाली, आणि चादर अंथरू लागली.

मित्र खाली पाहून हसला. मी तार मागितली.

सारा आकार त्या डाव्या फांदीवर उभा होता. आपट्याच्या फांद्या स्वभावतःच झुकतात. मी तिला बुंध्यापासून तार गुंडाळत नेली, खाली आणली, पुढे काढली, टोकाशी पुन्हा किंचित वर उचलली. दर आठवड्याला थोडे वळवायचे, एकदम नाही. तार रुतू लागली की सोडवायची आणि नवी घालायची. त्या फांदीला मी दोन हिवाळे दिले. आधी ती नुसती काठी होती. नंतर तिच्याकडे पाहिले की झाड वाऱ्यात उभे आहे असे वाटे.

याच काळात पत्नीचे विसरणे सुरू झाले.

आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागले, मग एकदाही पडेना. एके दिवशी ती गुलमंडीत ब्लाउजचे कापड घ्यायला गेली. लग्न होऊन आल्यापासून ती त्या गल्ल्यांत जात होती. दोन तासांनी एका कापड दुकानातून फोन आला. दुकानदार म्हणाला, "बाई इथं बसल्यात. पाणी दिलंय. घर कुठं ते आठवंना म्हणतात, पण तुमचा नंबर पाठ आहे." मी रिक्षाने गेलो. ती दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून म्हणाली, "उशीर केलात."

डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. नाव कळल्याने काही सोपे झाले नाही.

मी मला येत होते ते केले. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. साखर, मीठ, तूरडाळ. कपाटांवर, दारांवर, गॅसच्या बटणाजवळ. माझे अक्षर आरेखकाचे आहे, सरळ आणि एका मापाचे. ती घरभर फिरून सर्व चिठ्ठ्या वाचून आली.

"घराचा नकाशा केलात," ती म्हणाली. "आता माझ्या कपाळावरही लिहा. बायको."

मी लिहिले नाही. हसलोही नाही. ती हसण्यासाठीच म्हणाली होती.

मग एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला. गॅस बंद केला का? मुलीचा फोन आला का? नळ आज आहे का? मुलगी पुण्यात असते. फोनवर ती मला म्हणाली, "बाबा, आईला रोज फिरायला नेता ना? की फक्त झाडालाच वळवता?" मी म्हणालो, नेतो. नेत होतो. परंतु प्रश्नांना उत्तरे देऊन मी थकलो होतो आणि त्यावर मी एक उपाय शोधला होता. प्रश्न कानावर पडला की तो न ऐकता 'हो' म्हणायचे. प्रश्न थोडा वेळ थांबे. हा उपाय मला चांगला वाटत होता.

दसरा आला. आमच्याकडे रीत अशी की देवापुढे पाने ठेवून झाली की घरातले पहिले सोने ती माझ्या हातावर ठेवी, मग मी तिच्या, मग शेजारपाजार. पाने मी आदल्या दिवशी गुलमंडीतून आणत असे. आणलेली जुडी ती सोडून तपासायची, कारण बाजारात आपट्याच्या नावाखाली बहुधा कांचनाची पाने विकतात. "फसलात," ती दरवर्षी म्हणे. "ह्यात निम्मा कांचन आहे." खरी पाने वेगळी काढून तबकात ठेवी. त्या वर्षी मी गुलमंडीत गेलो नाही. विसरलो. ज्या घरात मिठालाही चिठ्ठी होती, त्या घरात हे मी विसरलो.

दसऱ्याच्या सकाळी तिने विचारले, "सोनं आणलंत का?"

मी म्हणालो, "हो."

पूजा झाल्यावर विचारले. मी म्हणालो, "हो." जेवताना विचारले. जेवण झाल्यावर, पदराला हात पुसत, पुन्हा विचारले, "नक्की आणलंय ना?"

"आणलंय," मी म्हणालो. वर्तमानपत्र चाळत होतो. मग खुर्चीतच डोळा लागला.

जाग आली तेव्हा ती समोर उभी होती. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेली जांभळी साडी नेसली होती. केस नीट विंचरलेले, कुंकू बरोबर मधोमध. कित्येक महिन्यांत तिला असे पाहिले नव्हते. डाव्या हातात तबक होते आणि त्यात आपट्याच्या पानांचा ढीग. उजवा हात तिने माझ्यापुढे केला. हातात एक जोडपान.

"सोनं घ्या," ती म्हणाली. "सोन्यासारखे राहा."

मी तिच्या हाताकडे पाहिले नाही. तबकाकडे पाहिले. पानांमध्ये एक डहाळी होती आणि तिच्याभोवती तांब्याची तार होती. ती वळणे मी घातलेली होती.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरे झाले असते. मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "ही काय अक्कल? एवढ्या दिवसांची मेहनत घालवलीस. तुला आता काही म्हणजे काही कळत नाही."

हे वाक्य तोवर त्या घरात कोणीही उच्चारले नव्हते.

तिचा हात तसाच राहिला. ती म्हणाली, "आणलंय म्हणालात ना तुम्ही. सगळीकडे पाहिलं. देवघरात पाहिलं, फ्रीजमध्ये पाहिलं. खाली नव्हतं. मग वर होतं."

तिच्या बोलण्यात एकही चूक नव्हती. घरात आपटा होता, तो मी आणला होता, आणि आणला आहे असे मी चार वेळा सांगितले होते. पानेही तिने ओळखून घेतली होती. गच्चीवरच्या दुसऱ्या कुंडीत कांचन होता, त्याला तिने हात लावला नव्हता.

पण हे मला नंतर सुचले. त्या वेळी मी खुर्चीतून उठलो, तिच्या पुढे केलेल्या हाताला वळसा घातला आणि जिना चढून वर गेलो.

झाडावर एक पान शिल्लक नव्हते. निव्वळ पाने खुडली असती तर चालले असते. आपट्याची साल मात्र वाखासारखी चिवट असते, पूर्वी तिचे दोर वळत. डहाळी ओढली की ती तुटत नाही, सोलत खाली येते. डाव्या फांदीच्या टोकाची डहाळी ओढताना तिची साल पट्टीसारखी निघत पहिल्या वळणापर्यंत आली होती. मी तिथे ओली माती बांधली, वर फडके गुंडाळले. उपयोग होणार नाही हे मला ठाऊक होते. तरीही अंधार पडेपर्यंत वरच थांबलो. खाली शेजारी सोने घेऊन आले, बेल वाजत राहिली. ती कोणालाही भेटायला बाहेर आली नाही. मी खाली आलो तेव्हा जांभळी साडी घडी करून कपाटात ठेवलेली होती आणि तबक घासून पालथे घातलेले होते. पाने कुठे गेली ते मी विचारले नाही. ती तिने कुठे टाकली ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ गेलो. तिला दसरा आठवत नसेल असे मला वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मला तशी आशा होती. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "काल मी बोललो ते..."

"पाणी आलंय का नळाला?" तिने विचारले.

माझे वाक्य तिथेच राहिले. मी पुन्हा ते पूर्ण केले नाही. अशी वाक्ये उद्यावर टाकता येतात असा माझा समज होता.

दोन दिवसांनी मित्र आला. त्याने झाड सर्व बाजूंनी पाहिले, फडके सोडले, पुन्हा बांधले.

"साहेब, ह्याला पन्नास साल लोकांनी लुटलं," तो म्हणाला. "बायांनी लुटलं, पोरांनी लुटलं, बकऱ्यांनी खाल्लं. मेलं का? नाय. भाभींनी एक बार लुटलं तर तुम्ही..." जिन्यावरून उतरताना म्हणाला, "ह्या साली मलाबी सोनं नाय भेटलं." दरवर्षी तो एक पान नेऊन गल्ल्यात ठेवत असे.

झाड मेले नाही. कार्तिकात त्याला नवी पालवी आली. आपट्याचे पान तळहाताच्या निम्मे असते. हे पान नखाएवढे होते. कुंडीतल्या झाडाची पाने लहान व्हावीत म्हणून जाणकार लोक मुद्दाम पाने खुडतात. वय झालेल्या झाडाला ते सोसेल की नाही या भीतीने मी ते कधी केले नव्हते. डावी फांदी मात्र टोकाकडून वाळत बुंध्यापर्यंत आली.

पत्नी पौषात न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, परंतु ती पुन्हा जिना चढली नाही, आणि हळूहळू खोलीबाहेरही येईनाशी झाली. विसरणे पायऱ्या सोडून उड्या मारू लागले. मुलीचे नाव गेले. मग मी कोण आहे ते गेले. त्या दसऱ्याचा याच्याशी काही संबंध असेल का, असे मी डॉक्टरांना एकदाच विचारले. ते म्हणाले, काहीही नाही. ते शिकलेले गृहस्थ आहेत. मी त्यांचे म्हणणे मान्य केले आहे.

फाल्गुनात पाने गळाल्यावर झाडाला पुन्हा आकार द्यायला घेतला. वाळलेली फांदी कापली आणि बुंध्याशी चार बोटे खुंट ठेवला. फांदी जाताच उताराची बाजू लंगडी दिसू लागली. मी पुष्कळ वेळ समोर बसलो. मित्र खोके फिरवत होता. जखम समोर आली तेव्हा मी हात वर केला आणि तो थांबला. जखमेच्या वर उरलेल्या दोन फांद्या एकमेकींकडे झुकल्या होत्या. त्यांना तारेची फारशी गरजही नव्हती.

"यही मुँह था इसका," मित्र म्हणाला. "मी नव्हतो बोललो हां. भाभी बोलल्या होत्या."

आम्ही दोघांनी झाड उचलून खाली आणले आणि तिच्या पलंगाजवळ, खिडकीपाशी, तिला दिसेल असे ठेवले. तिने ते बराच वेळ पाहिले.

"लागलंय ह्याला," ती म्हणाली.

"हो."

"दुखतं का?"

"जुनं आहे," मी म्हणालो.

"जुनं असलं म्हणून काय झालं," ती म्हणाली, आणि कूस वळवायला मदत मागितली.

उन्हासाठी झाड दुसऱ्या दिवशी पुन्हा वर नेले. त्यानंतरच्या दसऱ्याला मी गच्चीवर गेलो आणि झाडाचे एक जोडपान खुडले. नखाने, देठाशी, साल न ओढता. खाली आलो. ती जागी होती. त्या दिवसांत ती मला तिच्या शाळेतला शिपाई समजत असे आणि 'मामा' म्हणे. ज्याला ती मामा म्हणे तो कधीच वारला होता. तिच्याशी बोलायला मला दुसरे स्थान उरले नव्हते, म्हणून मी ते स्वीकारले होते. मी तिला 'बाई' म्हणत असे.

"बाई, आज दसरा आहे," मी म्हणालो आणि पान तिच्या तळहातावर ठेवले. "सोनं घ्या."

तिने पान डोळ्यांजवळ नेले, बोटांनी चाचपले. "आपटा आहे," ती म्हणाली. "कांचन नाही." मग मूठ मिटली आणि मान हलवली. "पण मी कसं घेऊ? पहिलं ह्यांना द्यायचं असतं. ह्यांनी अजून घेतलं नाही."

मी तिच्या पायांवरचे पांघरूण सारखे केले.

"मी धरलं होतं त्यांच्यापुढे," ती म्हणाली. "रागावलेत. काहीतरी चुकलं माझं. काय ते आता आठवत नाही."

"तुमचं नाही चुकलं, बाई."

"तुम्हाला काय माहीत, मामा? तुम्ही होतात का तिथं?"

"होतो."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. शाळेतल्या मामाकडे ती अशीच पाहत असावी. मग मूठ उघडून पान माझ्यापुढे केले. "तुम्ही त्या बाजूला जाता ना? मग एवढं पोचवा त्यांना. वाटेत ठेवून देऊ नका. मागे ती नोटीस आठवडाभर तुमच्या खिशातच राहिली होती."

मी दोन्ही हात पुढे केले. तिने पान माझ्या ओंजळीत ठेवले आणि माझी बोटे आपल्या बोटांनी मिटली.

"सोन्यासारखे राहा म्हणावं," ती म्हणाली.

मी खोलीबाहेर गेलो. स्वयंपाकघरात, चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांसमोर, काही वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

"घेतलं का त्यांनी?" तिने विचारले.

"घेतलं, बाई."

"काय म्हणाले?"

"चुकलं म्हणाले. त्यांचं चुकलं."

"ते नाही असं म्हणणार," ती म्हणाली. "तुम्ही पदरचं सांगताय." पण तिचा चेहरा सैल झाला होता. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले, "मामा, घेतलं का त्यांनी?"

"घेतलं."

त्यानंतर तो प्रश्न तिने रोज विचारला. सकाळी पेज भरवताना, दुपारी अंग पुसताना, दिवेलागणीला. मी प्रत्येक वेळी हातातले काम थांबवले, प्रश्न पूर्ण ऐकला आणि मग उत्तर दिले. तिला ते एकदाही पक्के पटले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारी.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी पेज घेऊन गेलो. पडदा सारला, वाटी ठेवली, स्टूल जवळ ओढले. तिने विचारले नाही. मी वाट पाहिली. नंतर तिचा हात हातात घेतला, तो गार होता. डॉक्टरांना आणि मुलीला फोन करायचे होते. त्याआधी मी तिला, न विचारता, सांगितले.

"घेतलं, बाई."